विश्लेषण : लाडके ‘सर’ जाहिरातीत आले की चाहते कशाला हसतात आणि कशावर चिडतात?

घाटकोपर : क्रिकेटपटू जाहिरातीत दिसला तर आज कोणालाच नवल वाटत नाही. शीतपेयापासून सिमेंटपर्यंत आणि बनियनपासून टायरपर्यंत सगळे काही त्यांनी विकून झाले आहे. पण तोच माणूस प्रशिक्षक झाला आणि मग एखाद्या प्रचारकी व्हिडिओत झळकला, की चाहत्यांचा सूर बदलतो. काही जण पोट धरून हसतात, काही जण ‘सर, तुम्हीसुद्धा?’ असे विचारतात, तर काही जणांना खात्याची चोरी झाल्याची शंका येते. राहुल द्रविड आणि रवी शास्त्री या दोघांच्या बाबतीत हे सगळे घडून गेले आहे. घाटकोपरसारख्या उपनगरात लोकलमधून उतरून मेट्रोकडे जाणाऱ्या रांगेत निम्मे डोळे मोबाइलवर असतात आणि उरलेल्या निम्म्यांसमोर स्थानकातले जाहिरात फलक. त्यामुळे प्रश्न फक्त करमणुकीचा राहत नाही. आपण व्हिडिओला हसतो, तेव्हा त्यातल्या उत्पादनाविषयी नेमके काय मान्य करून बसतो, हे समजून घ्यायला हवे.

इंदिरानगरच्या ‘गुंड्या’ने काय केले होते?

९ एप्रिल २०२१ रोजी आयपीएलचा हंगाम सुरू झाला आणि त्याच दिवशी ‘क्रेड’ या अॅपची एक जाहिरात समाजमाध्यमांवर आली. क्रेडिट कार्डाचे बिल भरले की बक्षिसे मिळतात, असे सांगून अभिनेता जिम सार्भ म्हणतो की हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणजे राहुल द्रविडला राग आवरत नाही असे सांगण्यासारखेच. पुढच्याच क्षणी बंगळूरुच्या वाहतूक कोंडीत अडकलेला द्रविड दिसतो. तो शेजारच्या गाड्यांवर ओरडतो, बॅटने एका गाडीचा आरसा फोडतो आणि गाडीच्या छतातून वर येऊन ‘इंदिरानगर का गुंडा हूं मैं’ अशी गर्जना करतो.

पुढचे काही तास या व्हिडिओखेरीज दुसरा विषय नव्हता. विराट कोहलीनेही राहुलभाईंची ही बाजू कधी पाहिली नव्हती, असे लिहून तो व्हिडिओ पुढे पाठवला. इंदिरानगर हे बंगळूरुतले उपनगर कधीही न पाहिलेल्या मुंबईकरांनाही ते नाव पाठ झाले. त्या वेळी द्रविड राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचा प्रमुख होता. १९ वर्षांखालील संघाचे आणि भारत ‘अ’ संघाचे प्रशिक्षकपद त्याने सोडलेले होते. मुख्य संघाची सूत्रे त्याच्याकडे आली ती त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. म्हणजे ही जाहिरात एका माजी प्रशिक्षकाचीच होती.

लोकांना ती इतकी का आवडली?

कारण त्या विनोदाची अर्धी पटकथा चाहत्यांनीच वर्षानुवर्षे लिहून ठेवली होती. द्रविड म्हणजे संयम, हे समीकरण आधीपासून डोक्यात पक्के नसते, तर आरसा फोडणारा माणूस नुसताच भांडकुदळ वाटला असता. हे समीकरण इतके पक्के आहे, की त्याला तडा गेलेला एखादा क्षणही लोक विसरत नाहीत. मे २०१४ मध्ये वानखेडेवर आदित्य तरेच्या षटकाराने मुंबई इंडियन्स पुढच्या फेरीत गेली आणि राजस्थान रॉयल्सचा मार्गदर्शक असलेल्या द्रविडने टोपी जमिनीवर आपटली. एखाद्या दुसऱ्या प्रशिक्षकाने टोपी आपटली असती तर दुसऱ्या दिवशी कोणाला आठवलीही नसती.

हा संयम फक्त फलंदाजीतला नव्हता. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला, तेव्हा क्रिकेट मंडळाने प्रशिक्षकाला ५० लाख, खेळाडूंना प्रत्येकी ३० लाख आणि साहाय्यकांना प्रत्येकी २० लाख जाहीर केले. द्रविडने या फरकाला आक्षेप घेतला आणि शेवटी त्याच्यासह सर्व प्रशिक्षक वर्गाला प्रत्येकी २५ लाख मिळाले. त्याआधी जानेवारी २०१७ मध्ये बंगळूरु विद्यापीठाची मानद डॉक्टरेट त्याने नम्रपणे नाकारली होती. २०२४ चा टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकल्यावरही त्याने आपल्या वाट्याची जादा रक्कम नाकारून सहकारी प्रशिक्षकांइतकेच बक्षीस घेतल्याच्या बातम्या आल्या.

या सगळ्यातून जे साठले, त्याला बाजारात ‘प्रतिमा’ म्हणतात. साध्या मराठीत त्याला पत म्हणतात. योगायोग असा, की ते अॅपही पतीचाच व्यवहार करते. ज्याचा क्रेडिट स्कोअर चांगला, त्यालाच तिथे प्रवेश असतो. म्हणजे चांगली पत असलेले ग्राहक मिळवण्यासाठी कंपनीने देशातल्या सर्वांत चांगली पत असलेल्या माणसांपैकी एकाला निवडले. विनोदाच्या आड असलेला हा हिशेब बहुतेकांच्या लक्षात आला नाही. तो लक्षात येऊ नये, हेच त्या जाहिरातीचे यश होते.

रवी शास्त्रींच्या वेळी गोंधळ का उडाला?

रवी शास्त्री अस्सल मुंबईकर. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेत आणि पोदार महाविद्यालयात शिकलेले. जानेवारी १९८५ मध्ये वानखेडेवर बडोद्याच्या तिलक राजला एका षटकात सहा षटकार मारणारे. २०१७ ते २०२१ ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. पद सोडल्यानंतर काही महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, त्यांच्या खात्यावरून रात्रभर पार्टी करण्याच्या गप्पा असलेल्या, चमकदार छायाचित्रांच्या पोस्ट येऊ लागल्या. चाहते बुचकळ्यात पडले. खाते कोणी पळवले का, इथपासून सर निवृत्तीचा आनंद फारच मनावर घेत आहेत, इथपर्यंत तर्क लढवले गेले. नंतर उलगडा झाला, की हीदेखील त्याच अॅपच्या जाहिरातीची पूर्वतयारी होती.

द्रविडच्या व्हिडिओत पहिल्या काही सेकंदांतच कळते, की ही जाहिरात आहे. शास्त्रींच्या पोस्ट आल्या, तेव्हा ते वाचणाऱ्याला कळत नव्हते. दोन्हींत विनोद होता, हेतूही एकच होता. पण पहिल्यात प्रेक्षकाला आपण काय पाहतो आहोत हे ठाऊक होते आणि दुसऱ्यात ते उशिरा कळले. रात्रभर पार्टी करण्याच्या गप्पांनी कोणाचे नुकसान झाले नाही, हे खरे. पण त्याच पद्धतीने उद्या एखाद्या गुंतवणूक योजनेची ‘सहज’ स्तुती आली तर? उत्सुकता वाढवण्याचे तंत्र जाहिरातदारांना प्रिय असते, कारण ‘जाहिरात’ अशी पाटी लावली की निम्मी गंमत जाते. नेमकी हीच निम्मी गंमत ग्राहकाला महागात पडू शकते.

प्रशिक्षकाचा चेहरा खेळाडूपेक्षा वेगळा का?

मुंबईच्या मैदानांवर प्रशिक्षकाला नावाने कोणी हाक मारत नाही. तो ‘सर’ असतो. शिवाजी पार्कवरच्या रमाकांत आचरेकरांना द्रोणाचार्य आणि पद्मश्री मिळाले, पण त्याआधी आणि त्यानंतरही ते आचरेकर सरच राहिले. सचिन तेंडुलकर नेटमध्ये बाद होऊ नये म्हणून त्यांनी यष्टीवर ठेवलेले एक रुपयाचे नाणे मुंबईत दंतकथेसारखे सांगितले जाते. दिवसभर बाद न होता टिकलास तर नाणे तुझे. त्या नाण्याची बाजारातली किंमत एक रुपयाच होती. बाकी सगळी किंमत ते देणाऱ्या माणसाची होती.

खेळाडू आपल्याला आवडतो, प्रशिक्षकाचे आपण ऐकतो. फरक इथे आहे. खेळाडूने ‘हे बूट घाला’ म्हटले तर आपण त्याची हौस म्हणून पाहतो. प्रशिक्षकाने तेच म्हटले तर ती सूचना वाटते. हॅरिस किंवा जाइल्स ढालीच्या सामन्यासाठी घाटकोपरहून पहाटेची लोकल पकडून आझाद मैदान गाठणाऱ्या मुलाला सर जे सांगतील ते अंतिम असते. त्याच्या किटबॅगचा भार वाहणाऱ्या आईवडिलांनाही. कोणती बॅट घ्यायची, कोणत्या शिबिरात जायचे, काय खायचे, दहावीच्या वर्षी खेळ थांबवायचा की नाही, हे सगळे त्या एका शब्दावर ठरते. म्हणून प्रशिक्षकाचा चेहरा विकत घेणारी कंपनी प्रसिद्धीपेक्षा मोठी गोष्ट विकत घेते. ती आज्ञाधारकपणा विकत घेते.

‘माजी’ या शब्दाचेही महत्त्व आहे. पदावरच्या प्रशिक्षकावर क्रिकेट मंडळाचे हितसंबंधांचे नियम लागू असतात. द्रविडलाच ऑगस्ट २०१९ मध्ये एका सिमेंट कंपनीतल्या पदावरून हितसंबंधांच्या तक्रारीला उत्तर द्यावे लागले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याला निर्दोष ठरवण्यात आले. पद सुटले की हे बंधन सुटते, पण लोकांच्या मनातला ‘सर’ सुटत नाही. बंधन नाही आणि आदर मात्र शाबूत, अशी ही अवस्था असते. जाहिरातदारासाठी यापेक्षा सोयीचे काही नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे का?

अजिबात नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रशिक्षकाला आपल्याकडच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाइतके वजन असते. अलाबामा विद्यापीठाचे निक सेबन हे तिथले सर्वांत यशस्वी प्रशिक्षक. लुइझियाना स्टेट आणि अलाबामा मिळून सात राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या नावावर आहेत. जानेवारी २०२४ मध्ये ते निवृत्त झाले. कडक शिस्तीसाठी ओळखले जाणारे हे सर एका विमा कंपनीच्या जाहिरातीत बोलक्या बदकाबरोबर दिसतात. सूत्र द्रविडच्या जाहिरातीचेच. ज्याच्या चेहऱ्यावर हसू दुर्मीळ, त्याला हास्यास्पद प्रसंगात उभे करायचे. चाहते तिथेही आधी दचकतात, मग हसतात आणि शेवटी विमा कंपनीचे नाव लक्षात ठेवतात.

चाहत्यांच्या रागाने कधी काही बदलले आहे का?

बदलले आहे, आणि त्याचे ठळक उदाहरण प्रशिक्षकाचे नसले तरी भारतीय कर्णधाराचे आहे. महेंद्रसिंह धोनी आम्रपाली या बांधकाम कंपनीचा ब्रँड अॅम्बेसेडर होता. नोएडातल्या तिच्या एका प्रकल्पातली कामे रखडली. एप्रिल २०१६ मध्ये रहिवाशांनी समाजमाध्यमांवर थेट धोनीलाच गाठले. कंपनीकडून कामे पूर्ण करून घ्या, नाहीतर तिच्याशी नाते तोडा, अशी त्यांची मागणी होती. काही दिवसांतच धोनी त्या पदावरून बाजूला झाला. पुढे जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कंपनीची ‘रेरा’ नोंदणी रद्द केली आणि अपुऱ्या इमारती पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपवले.

यात दोन धडे आहेत. रहिवाशांनी धोनीच्या फलंदाजीवर, स्वभावावर किंवा कमाईवर बोट ठेवले नाही. त्यांनी उत्पादनाविषयी बोलायला लावले. त्यामुळे त्यांचे म्हणणे टिकले. दुसरे, धोनी बाजूला झाला म्हणून कोणाला घराची चावी मिळाली नाही. चेहरा निघून गेला, हप्ते मात्र राहिले. पंतनगरमधल्या म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासाकडे डोळे लावून बसलेल्या घाटकोपरकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. फलकावरचा हसरा चेहरा करारनाम्यावर सही करत नाही.

कायदा काय सांगतो?

पूर्वी जाहिरात करणारी व्यक्ती ‘मी फक्त दिलेले वाक्य म्हटले’ असे सांगून मोकळी होत असे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि ही पळवाट अरुंद झाली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाबरोबर जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत. शिवाय एक वर्ष आणि पुन्हा चूक झाल्यास तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यावर बंदी येऊ शकते. सुटका एकाच कारणाने होते. जाहिरातीतला दावा आपण पुरेशी काळजी घेऊन तपासला होता, हे त्या व्यक्तीने दाखवले पाहिजे.

जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जाहिरात करणारा आणि कंपनी यांच्यात पैशांचे किंवा अन्य हितसंबंध असतील आणि सामान्य ग्राहकाला ते सहज कळण्यासारखे नसतील, तर ते उघड केले पाहिजेत, असे त्यात आहे. मुंबईतूनच चालणाऱ्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘अॅस्की’ने, २०२१ मध्येच समाजमाध्यमांवरील सशुल्क पोस्टवर तशी स्पष्ट पाटी असावी, असा नियम केला होता. मे २०२४ मध्ये पतंजलीच्या जाहिरातींविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले, की दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची जबाबदारी त्या करणाऱ्या नामवंतांवरही तेवढीच आहे.

जाहिरातीची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न घाटकोपरला तरी पुस्तकी वाटू नये. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात छेडानगरजवळच्या पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचा महाकाय फलक कोसळला आणि १७ जणांचा जीव गेला. ४० बाय ४० फुटांपेक्षा मोठ्या फलकाला परवानगीच नव्हती. मात्र दुर्घटनेनंतर जागा कोणाची, परवानगी कोणाची आणि कारवाई कोणी करायची होती, यावर महापालिका आणि रेल्वे पोलीस यांच्यात टोलवाटोलवी झाली. समाजमाध्यमांवरचा व्हिडिओ अंगावर कोसळत नाही, हे खरे. पण जबाबदारीची साखळी लांब असली की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो, हा अनुभव दोन्हीकडे सारखाच आहे. म्हणून साखळीतल्या प्रत्येक कडीला नाव हवे. चेहरा ही त्यातलीच एक कडी.

ऑनलाइन गेमिंगबाबत काय बदलले?

क्रेडिट कार्डाच्या अॅपपेक्षा कितीतरी अधिक नुकसान फँटसी आणि पैशांच्या खेळांच्या जाहिरातींनी केले. अनेक वर्षे आजी-माजी क्रिकेटपटू या अॅपवर संघ बनवा, जिंका, असे सांगत होते. ‘सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा’ ही सूचना शेवटी इतक्या वेगाने वाचली जायची, की ती कानांत शिरेपर्यंत पुढचे षटक सुरू झालेले असायचे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगसंबंधीचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. लगेचच ड्रीम इलेव्हन हे नाव भारतीय संघाच्या जर्सीवरून गेले.

इथे एक अवघड प्रश्न विचारायला हवा. बंदी येण्याच्या आधीच्या आठवड्यापर्यंत ही जाहिरात कायदेशीर होती. मग ती योग्यही होती का? घाटकोपर ते ठाणे या प्रवासात पन्नास रुपयांपासून सुरुवात करून पगार घालवणारी मुले कायदा येण्याआधीही होती. त्यांना ‘जोखीम समजून घे’ असे सांगणारा एखादा सर त्या जाहिरातींत नव्हता. नेटमध्ये मात्र हेच सर ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडायला शिकवतात.

व्हिडिओ खरा आहे हे कशावरून?

आता आणखी एक अडचण आली आहे. चेहरा खरा, आवाज खरा वाटतो, पण माणूस तिथे नसतोच. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा असा बनावट व्हिडिओ पसरला. त्यात तो एका गेमिंग अॅपची शिफारस करताना दिसत होता. सचिनने स्वतः तो खोटा असल्याचे जाहीर केले आणि मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

यात खऱ्या जाहिरातींचाही अप्रत्यक्ष वाटा आहे. नामवंत माणसे कधीही, कुठेही, कशाचीही शिफारस करतात, याची प्रेक्षकांना सवय झाली नसती, तर बनावट व्हिडिओवर इतक्या सहज विश्वास बसला नसता. द्रविडचा ‘राग’ पाहून आपण म्हणालो, अरे, सर असेही वागू शकतात! हाच उद्गार बनावट व्हिडिओ बनवणाऱ्याच्या कामी येतो. अनपेक्षित वागणूक हा आता शंकेचा पुरावा राहिलेला नाही. तो करमणुकीचा एक प्रकार झाला आहे.

खरे आणि अभिनयातले किती गुंतलेले आहे, याचा एक निरुपद्रवी नमुना फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसला. बंगळूरुत द्रविडच्या गाडीला एका मालवाहू रिक्षाची किरकोळ धडक बसली आणि दोघांत शाब्दिक चकमक झाली. रस्त्यावरच्या कोणीतरी केलेला तो व्हिडिओ काही तासांत देशभर गेला आणि इंदिरानगरचा गुंडा खरोखरच अवतरला, अशा विनोदांचा पाऊस पडला. गाडीला पोचा आल्यावर कोणीही जसा वैतागतो, तसाच तो वैताग होता. पण जाहिरातीने लोकांच्या डोक्यात एक चौकट बसवली होती आणि खरा प्रसंग तिच्यात कोंबला गेला. जाहिरातीचे मानधन एकदा मिळते. चौकट मात्र कायमची बसते.

मग माजी प्रशिक्षकांनी जाहिराती करूच नयेत का?

असे म्हणणे अन्यायाचे होईल. प्रशिक्षकाने साधेपणाने राहावे आणि आपण त्याच्या साधेपणाचे कौतुक करावे, ही अपेक्षा फुकटची असते. भारतात क्रिकेट सोडून इतर खेळांतल्या बहुतेक प्रशिक्षकांना धड पगारही मिळत नाही. त्यांच्यापैकी कोणाला एखादी जाहिरात मिळाली तर टाळ्याच वाजवायला हव्यात. शिवाय चेहऱ्याचे वजन चांगल्या कामालाही लागते. चित्रपट सुरू होण्याआधी तंबाखूविरोधी संदेश देणारा द्रविड अनेकांनी पाहिला आहे. तिथेही त्याची पतच वापरली गेली. मात्र त्यातून कोणाच्या खिशातून काही गेले नाही.

पण नकार देण्याचे मोलही कमी नाही. पुलेला गोपीचंदने मार्च २००१ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकली. त्यानंतर शीतपेयाच्या जाहिरातीचा प्रस्ताव त्याने नाकारला. जे आपण पीत नाही आणि जे आरोग्याला चांगले नाही, ते इतरांना पाजायचे नाही, इतकी साधी ती भूमिका होती. तेव्हा तो प्रशिक्षक नव्हता. पुढे हैदराबादमध्ये त्याने अकादमी उभारली आणि सायना नेहवाल, पी. व्ही. सिंधू त्याच्या हाताखाली घडल्या. त्या अकादमीत मुलांना गोड पेये टाळायला सांगताना त्याला कोणाची नजर चुकवावी लागली नसेल.

सीमारेषा इथेच आखता येते. जे उत्पादन आपल्या शिष्याला वापरायला सांगताना प्रशिक्षक कचरणार नाही, ते त्याने खुशाल विकावे. जे सांगताना जीभ अडखळेल, ते कोट्यवधी अनोळखी शिष्यांनाही सांगू नये. क्रेडिट कार्डाचे बिल वेळेवर भरा, हा सल्ला चांगलाच आहे. थकलेल्या बिलावर अनेक कार्डे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास व्याज लावतात. पण बक्षिसांसाठी कार्ड अधिक वापरा, हा त्याच व्हिडिओचा न बोललेला सल्ला असेल, तर तो पहिल्या पगाराच्या पोराला द्रविड सरांनी समोर बसवून दिला असता का? हा प्रश्न द्रविडइतकाच प्रेक्षकालाही विचारता येतो.

चाहत्यांनी काय करावे?

पहिली गोष्ट, विनोदाला मनसोक्त दाद द्यावी. चांगली जाहिरात हीसुद्धा कला आहे आणि तिला हसल्याने कोणी मूर्ख ठरत नाही. दुसरी, हसून झाल्यावर व्हिडिओतला चेहरा मनातल्या मनात पुसून पाहावा. समोर उरलेल्या उत्पादनाविषयी आपल्याला काय माहीत आहे? शुल्क किती, व्याज किती, माहिती कोणती मागतात, बाहेर पडायचे कसे? उत्तरे मिळाली नाहीत, तर व्हिडिओने करमणूक केली, माहिती दिली नाही, एवढे समजावे.

तिसरी, पोस्टवर ‘जाहिरात’ अशी पाटी नसेल तर ती मागावी. प्रतिक्रियांच्या गर्दीत ‘सर, याचे पैसे मिळाले का?’ हा प्रश्न उद्धट वाटेल, पण तो नियमाला धरून आहे. चौथी, फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नये. ग्राहक तक्रारींसाठी १९१५ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे राष्ट्रीय मदत क्रमांक आहेत. सायबर प्रकरणात पहिल्या काही तासांत केलेला फोन पैसे अडवण्याची शक्यता वाढवतो.

आणि शेवटचे, रागाची दिशा. आवडत्या प्रशिक्षकाने जाहिरात केली म्हणून त्याच्या जुन्या पराभवांचा उद्धार करणे, त्याच्या कुटुंबाला ओढणे, वय काढणे, याने जाहिरातदाराचे काहीच बिघडत नाही. उलट गोंगाट वाढला की व्हिडिओ आणखी पळतो. नोएडाच्या रहिवाशांनी माणसाला सोडून वस्तूला धरले, म्हणून त्यांना उत्तर द्यावे लागले. मुंबईच्या क्रिकेटची ओळख ‘खडूस’ या शब्दात आहे. विकेट फेकायची नाही आणि समोरच्याला फुकट धाव द्यायची नाही. मैदानावरच्या सरांकडून शिकलेला हा खडूसपणा सरांच्याच जाहिरातीसमोर वापरला, तर त्यात अनादर नाही. शिकवण नीट पोचली, एवढाच त्याचा अर्थ.